उजेडात बघून सांगते

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा दहा सत्तेचाळीस झाले होते, आणि अकरा वाजता माझी मुलाखत होती.

मी आधी बटणं दाबली. सगळी. मग घंटा दाबली. मग दाराला लाथ घातली. हातात लॅपटॉप, गळ्यात चार्जरची वायर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली विटकी सलवार, कारण पडद्यावर कमरेखालचं कोण बघतंय! आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आईचं शिलाई मशीन दिवसभर खडखडत असतं, म्हणून आठव्या मजल्यावरच्या मावशींनी मला त्यांची एक शांत खोली तासाभरासाठी देऊ केली होती. चार मजले चढले तर घाम येईल, शर्ट चुरगळेल, म्हणून लिफ्टने निघाले. नको तिथे शहाणपणा केला.

"आत कोणी आहे का?" वरून आवाज आला. पुरुषाचा. निवांत. त्या निवांतपणानेच माझं डोकं फिरलं.

"नाही, लिफ्टच ओरडतेय!"

"किती जण आहात?"

"एकटी आहे. आणि अकराच्या आत मला बाहेर पडायचंय."

मग तोच आवाज, जरा जवळून. "मी लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक, तपासणीला इथेच आलोय. खोटं सांगत नाही मॅडम... वीस मिनिटं लागतील."

"माझ्याकडे तेरा आहेत!"

"तरी वीसच लागतील. आता काय करतोय ते सांगतो. मी गच्चीवर जातोय. तिथलं चाक हाताने फिरवून लिफ्ट सहाव्याला आणणार. पंखा बंद पडेल, दिवा राहील. मधे माझा आवाज येणार नाही. लिफ्ट हलली की समजा, मी आहे. मग खाली येऊन दार उघडतो."

"आणि घाबरू नका वगैरे नाही म्हणणार?"

"तुम्ही घाबरलाय?"

"मी चिडलेय!"

"ते कळलं. आठव्या मजल्यापर्यंत कळलं."

पंखा बंद पडला. फोनला रेंज नव्हती. अकरा वाजले. मी त्या डब्यात उभी राहून लिफ्ट, तिला बनवणारे, तिला चालवणारे आणि निवांत आवाजात बोलणारे सगळे पुरुष, यांचा उद्धार केला. मग लिफ्ट हलली, इंचाइंचाने, अंगावर काटा येईल इतकी हळू. आणि माझ्या डोक्यात उगाचच आलं, तो आहे.

अकरा वाजून आठ मिनिटांनी दार उघडलं. समोर तो. उंच, कपाळावर घाम, हात ग्रीसने काळे, अंगात करडा शर्ट. लिफ्टच्या पिवळ्या दिव्यात मी त्याला पहिल्यांदा बघितलं, आणि पिवळ्या दिव्यात मी कशावरच विश्वास ठेवत नाही.

"वीस म्हणालो होतो, एकवीस लागली. माफ करा."

मी त्याला उत्तर द्यायला थांबले नाही. दोन मजले धावत चढले, मावशींच्या खोलीत लॅपटॉप उघडला. पडद्यावर एकच ओळ होती. ही भेट संपली आहे.

ही भेट माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं. मी कापडाचे रंग जुळवते. गिऱ्हाईक एक नमुना देतं, कारखान्याने हजारो मीटर कापड तसंच रंगवायचं असतं, आणि ते तसंच झालंय की नाही हे माझ्यासारखं कुणीतरी ठरवतं. आधीच्या कारखान्यात एका मोठ्या लॉटवर मी 'नापास' लिहिलं. मालक म्हणाले, एवढं एकोणीस-वीस चालतं, आणि त्याच्याखाली स्वतः सही केली. महिन्याभरात सगळा माल परत आला. मालकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तुझे डोळे कुठे होते? मी परत आलेला एक तागा उचलून त्यांच्या टेबलावर टाकला, 'नापास' लिहिलेला कागद त्यावर ठेवला आणि घरी आले.

त्याला तीन महिने झाले होते. आणि माझ्या ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, पडद्यांचं दुकान आहे. "या महिन्यात नोकरी नाही लागली तर एक तारखेपासून माझ्या काउंटरला बसायचं," दाजींनी घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, आणि आईने माझ्या वतीने मान डोलावली होती. दाजी वाईट नाहीत. पण दुकानात गिऱ्हाईक कुठलाही पडदा कुठल्याही भिंतीशी लावून बघतं, आणि दाजी प्रत्येक वेळी म्हणतात, वा, काय शोभतोय! मी तिथे आठ दिवसांत कुणाचा तरी खून केला असता. आणि खून केला नसता तर ते जास्त वाईट. मग मीही 'वा' म्हणायला शिकले असते.

म्हणून मी खाली आले आणि जिन्यात पेट्या आवरत बसलेल्या त्या माणसासमोर उभी राहिले.

"माझी नोकरी गेली," मी म्हटलं. "तुमच्या लिफ्टमुळे."

त्याने एक वही माझ्यापुढे धरली. आमच्याच इमारतीची. गेल्या महिन्याच्या पानावर त्याच्या अक्षरात होतं, दाराचं कुलूप झिजलंय, बदलावं. खाली सोसायटीच्या सेक्रेटरींचा शेरा, पुढच्या सभेत बघू. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा तोच शेरा.

सेक्रेटरींना मी त्या दुपारी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कुलूप बदलायला त्यांनी उभ्या उभ्या मंजुरी दिली एवढं सांगते.

परत आले तेव्हा तो तिथेच होता. "एक करता येईल," तो म्हणाला. "मी पत्र देतो. कंपनीच्या कागदावर, वेळेसकट. दहा सत्तेचाळीस ते अकरा आठ, बाई आत होत्या. शिक्का मारून."

"असल्या पत्राला कोण विचारतं?"

"विचारलं नाही तर कागद माझा गेला. तुमचं काय जातंय?"

अक्षर सुंदर होतं त्याचं. हेही मला आवडलं नाही.

पत्राचा फोटो मी पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा. नमुन्यांचं पाकीट आदल्या दिवशी घरी येईल. आणि खाली प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची एक ओळ: अर्जासोबत लिफ्टचा शिक्का पहिल्यांदाच आला.

त्या आठवड्यात कुलूप आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलायला तो रोज आमच्या इमारतीत होता. मी त्याला 'लिफ्टवाले' म्हणायचे. तो दर वेळी 'मेकॅनिक' अशी दुरुस्ती करायचा. त्याच्या फोनमध्ये माझं नाव काय आहे ते मी एकदा चोरून बघितलं. 'पाच-सहा' असं होतं.

"हे काय?"

"तुम्ही जिथे सापडलात ते."

"खोडा आधी!"

"बरं," तो म्हणाला, आणि खोडलं नाही.

मावशींच्या खोलीपर्यंत वेळेत पोचण्यावर आता माझा भरवसा नव्हता. मुलाखत घरूनच द्यायची ठरवली. आई त्या तासाला मशीन बंद ठेवणार होती, पण आमच्या घरात नेट कुठे येतं आणि कुठे जातं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. तो फोन हातात धरून खोलीभर फिरला, बिघाड शोधावा तसा, आणि एका जागी थांबला.

"इथे. टेबल इथे लावा."

"इथे माझ्या मागे खिडकी येते. पडद्यावर माझा चेहरा काळा दिसेल."

"टेबल फिरवा मग."

"फिरवलं तर मागे आईचं कपाट आणि त्याच्यावरच्या गाद्या!"

तो हसला. आईही हसली. आईचं त्याच्याशी दोन दिवसांत असं काही जमलं होतं की मला माझ्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी तो खाकी कागदाची गुंडाळी आणि एक टेबलदिवा घेऊन आला. खिडकी कागदाने पूर्ण झाकली, कडा चिकटपट्टीने पक्क्या केल्या, दिवा लॅपटॉपच्या मागे ठेवला. पिवळा, ऊबदार उजेड माझ्या तोंडावर पडला. मी पडद्यावर स्वतःला बघितलं, आणि खरं सांगते, छान दिसले.

"छान दिसताय," तो म्हणाला.

"मला डोळे आहेत," मी म्हटलं. कान गरम झाले होते. पिवळ्या उजेडात ते कळत नाही, हे बरं असतं.

सरावाची कल्पनाही त्याचीच. संध्याकाळी सहाला तो गच्चीवरच्या यंत्रखोलीत काम संपवायचा, फोन अवजारांच्या पेटीला टेकवून ठेवायचा आणि मला व्हिडिओ कॉल लावायचा. त्याच्या मागे ते मोठं चाक, डोक्यावर एक मिणमिणता दिवा, आणि हातात प्रश्न लिहिलेला कागद.

"तुमच्यातला एक अवगुण सांगा."

"राग."

"राग कशाचा येतो?"

"असले प्रश्न विचारणाऱ्यांचा."

"माझ्याकडे बघून बोला. तुम्ही पडद्याकडे बघताय. कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा, म्हणजे मला वाटेल माझ्याकडे बघताय."

"पण ठिपक्याकडे बघितलं तर तुम्ही मला दिसत नाही."

"मग..." तो थांबला. कागद उलटला. "मग दिसायला कशाला हवा मी? नोकरी हवी ना?"

मी ठिपक्याकडे बघत राहिले. चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करत. "पुढचा प्रश्न," मी म्हटलं.

"आधीची नोकरी का सोडली?"

याचं उत्तर सगळ्यांनी मला शिकवलं होतं. ताई म्हणाली, प्रकृतीचं कारण सांग. दाजी म्हणाले, गोड बोल, पुढे जायची संधी वगैरे. मी तेच गोड गोड बोलायला लागले, आणि तो कागद खाली ठेवून ऐकत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आम्ही 'काळजी करू नका' असं म्हणत नाही, म्हणजे मी तरी नाही. ते ऐकलं की माणूस जास्त घाबरतो. त्याला कळतं, हा काहीतरी लपवतोय. मी फक्त काय करतोय ते सांगतो. आता हे करतोय, आता ते करतोय, एवढा वेळ लागेल. माणूस शांत होतो."

"मी झाले नव्हते."

"तुमचं सोडा." तो हसला. "पण तुम्ही लाथा मारायच्या थांबलात, ते मी ऐकलं."

रागाची गंमत अशी की तो यायचा थांबला की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी खूप वेळ कुणावर तरी चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग या गोष्टीवर चिडले.

बुधवारी संध्याकाळी सातला पाकीट आलं. वांगी रंगाचा एक मोठा नमुना, आणि त्याच रंगाचे सहा छोटे तुकडे, एक ते सहा आकडे टाकलेले. कोणता जुळतो ते मुलाखतीत सांगायचं. मी टेबलाशी बसले, दिवा लावला, एकेक तुकडा नमुन्यावर ठेवला. तीन नंबर असा बसला की शिवण दिसू नये. वहीत तीन लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. गुरुवारी सकाळी केस दोनदा धुतले, शर्टाला तीनदा इस्त्री केली, आणि आरशासमोर 'नमस्कार' म्हणायचा सराव केला.

अकराला दोघं पडद्यावर आले. टाय लावलेले व्यवस्थापक, आणि चष्मा डोक्यावर चढवलेल्या प्रयोगशाळेच्या बाई. कारखाना इथून तीन तासांवर, दुसऱ्या गावात. बाईंच्या मागे फळ्यांवर रंगीत सुतांच्या लडी. ते बघूनच मला रडू येईल असं वाटलं. एवढी मला ती नोकरी हवी होती.

"आधीची नोकरी का सोडलीत?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मी ठिपक्याकडे बघितलं. "मी नापास केलेला माल मालकांनी पास केला. परत आल्यावर दोष मला दिला. मला राग आला, मी सोडली."

"असा राग वारंवार येतो?"

"चुकीचा रंग पास झाला की येतो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाकिटातले तुकडे बघितलेत ना? कोणता जुळतो?"

"तीन," मी म्हटलं आणि तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. आणि त्याच क्षणी मला पडद्यावर माझी स्वतःची बोटं दिसली. पिवळी. हळद लागल्यासारखी पिवळी.

मी सात वर्षं हे काम केलंय. दिव्यात जुळलेला रंग दिवसाच्या उजेडात फुटू शकतो, म्हणजे अगदी वेगळा दिसू शकतो, हे मला झोपेतही माहीत आहे. पिवळ्या दिव्यात काही पास करायचं नाही, हा माझा पहिला नियम, नव्या मुलींना मी तो ओरडून शिकवायचे. आणि मी माझा चेहरा कसा दिसतो याच्या नादात रंग कसा दिसतो ते बघितलंच नव्हतं.

गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. तीन बरोबरही असेल, कुणी सांगावं. पण मग माझ्यात आणि एकोणीस-वीस म्हणणाऱ्या त्या मालकात फरक काय?

"थांबा," मी म्हटलं. आवाज चढला होता. "मी दिलेलं उत्तर धरू नका. मी आता उठतेय. मागच्या खिडकीला कागद लावलाय, तो काढतेय. माझा चेहरा काळा दिसेल. दोन मिनिटं लागतील."

कागद निघेना. त्या माणसाने चिकटपट्टी लावली होती की सिमेंट! मी नखांनी ओरबाडला, मग दोन्ही हातांनी ओढला. टरकन फाटला आणि सकाळचा पांढरा, स्वच्छ उजेड टेबलभर पडला. दिवा बंद केला. तीन नंबर उचलला, नमुन्यावर ठेवला... तपकिरी. सरळ सरळ तपकिरीकडे गेलेला. चार, नाही. पाच ठेवला, आणि तो नमुन्यात नाहीसा झाला.

"पाच," मी म्हटलं. "मघाशी चुकलं. मी दिव्यात बघितलं होतं."

"पण मॅडम, इथे पडद्यावर तर दोन नंबर जास्त जवळचा—" व्यवस्थापक म्हणाले.

"पडद्यावर काहीही दिसेल!" मी ओरडले. "पडद्यावर मी आत्ता कोळशासारखी दिसतेय, म्हणून मी कोळसा आहे का? पडद्यावर रंग विचारू नये आणि कुणी विचारला तर सांगू नये!"

सुतांच्या लडीसुद्धा दचकल्यासारख्या वाटल्या.

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. "कळवतो."

पडदा मिटला. शर्टाच्या बाहीला चिकटपट्टी लटकत होती. मी दिवा उचलला, वायरसकट, आणि बाहेर गेले. तो चौथ्या मजल्यावरच्या बटणाची पाटी बसवत होता. माझ्यासाठीच तिथे थांबला होता हे उघड होतं, आणि त्यामुळे मी आणखीच पेटले.

"झाली?" त्याने विचारलं. "कशी—"

"हा तुमचा दिवा!" मी तो त्याच्या पेटीवर आदळला. "आणि तुमचा कागद! कोणी सांगितलं होतं खिडकी बुजवायला? रंग बघणाऱ्या बाईच्या खोलीतला उजेड कुणी बंद करतं? एकदा लिफ्टमध्ये घालवलीत नोकरी, आता घरात येऊन घालवलीत! दोनदा!"

तो उठून उभा राहिला. मला वाटलं, बोलेल. वही दाखवेल. त्याने फक्त दिव्याची वायर नीट गुंडाळली, दिवा पेटीत ठेवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मला विचारायला हवं होतं."

आणि जिना उतरून गेला. लिफ्ट चालू असताना.

चूक माझी होती. त्याला रंगातलं काही कळत नव्हतं, मला कळत होतं. खिडकी बुजवली तेव्हा मी तिथेच उभी होते आणि स्वतःला न्याहाळत होते. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर एवढी चिडले. स्वतःवरचा राग ठेवायला जागा नसते, मग माणूस जवळच्या माणसाकडे तो नेऊन ठेवतो. आणि तो जवळचा होता, हे मला जिन्यातला त्याच्या पावलांचा आवाज बंद झाल्यावर कळलं.

शुक्रवारी तो आला नाही. कुलूप बदलून झालं होतं, येण्याचं कारणच उरलं नव्हतं. मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. दाजींचा फोन आला, काउंटरमागे माझ्यासाठी उंच खुर्ची मागवलीय म्हणून. ती खुर्ची कुठे घाला ते मी त्यांना सांगणार होते, पण आई समोर होती.

शनिवारी सकाळी साडेनऊला बाईंचा फोन.

"एक तारखेपासून याल?"

मी मग म्हणाले, "पण मी ओरडले."

"हो, आमचे व्यवस्थापक अजून त्यातून सावरतायत." त्या हसत नव्हत्या, पण आवाज हसत होता. "तीन नंबर मी मुद्दाम घातला होता. दिव्यात जुळतो, उजेडात फुटतो. अकरा जण बघितले. पाच नंबर बरोबर सांगणारे चौघं होते. पण चुकलं हे कुणी न सांगता ओळखून खिडकीशी गेलेल्या तुम्ही एकट्या. असं माणूस मला हवंय. चुकणार तर सगळेच."

"हो," मी म्हटलं.

"आणि एक विचारते. उठतेय, कागद काढतेय, दोन मिनिटं लागतील... हे असं बोलायला कुणी शिकवलं? मी घड्याळ लावून बसले होते. दोनच मिनिटं लागली."

"लिफ्टवाल्याने."

"शिक्क्यावाल्या?"

"हो. त्यानेच." आणि मग मी दुरुस्त केलं, "मेकॅनिक आहे तो."

फोन ठेवला. आईने मला मिठी मारली, दाजींना फोन लावला, रडली, परत मिठी मारली. मी त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी लिफ्टच्या दारावरचा तक्रारीचा नंबर फिरवला आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, पाच आणि सहाच्या मध्ये एक बाई अडकली आहे.

आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले.

सतरा मिनिटांत तो आला. जिन्याने, आठ मजले धावत, धापा टाकत, हातात किल्ल्या. यंत्रखोलीकडे वळला आणि मला बघून जागीच थांबला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही फोन उचलत नव्हता."

त्याचा चेहरा बदलला. आणि मग तो ओरडला. तो! निवांत माणूस! "अक्कल आहे का तुला? माणूस अडकलंय म्हणून मी एका इमारतीचं काम उघडं टाकून आलोय! वाटेत दोन सिग्नल तोडले! काय काय डोक्यात येतं कळतं का? दार उघडायला गेली असेल, पडली असेल... खोटी तक्रार करायची असते का? फोन नाही उचलला तर नाही उचलला! मला राग नाही येऊ शकत?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. सकाळचे दहा वाजत होते. वर मोकळं आभाळ, कुठे सावली नाही. इतके दिवस मी त्याला लिफ्टच्या दिव्यात बघितलं होतं, माझ्या खोलीतल्या दिव्यात, यंत्रखोलीतल्या मिणमिणत्या उजेडात, पडद्यावर. त्याचा तो करडा शर्ट करडा नव्हताच. निळा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला निळा. आणि डोळे मी काळे समजत होते, ते चक्क तपकिरी.

"काय बघतेस?" तो अजून धापा टाकत होता. आपण 'तू' वर आलोय हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"उजेडात बघतेय," मी म्हटलं. "नोकरी मिळाली. एक तारखेला जायचंय. खिडकीशी उठून गेले म्हणून मिळाली. आणि उठताना जे बोलले ते तुझे शब्द होते. चूक माझी होती, तुझी नव्हती. मला माफी मागता येत नाही."

"येते की. फक्त रागाने मागतेस."

"आणि मला तू आवडतोस!" मी म्हटलं. तेही रागानेच. दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायचं ते मला माहीतच नव्हतं.

त्याने किल्ल्या खिशात ठेवल्या. आता बोल, मी मनात म्हणत होते, आता बोल नाहीतर मी खरंच कुठेतरी जाऊन अडकेन...

"तीन तासांवर ना कारखाना?" तो म्हणाला. "रविवारी मला सुट्टी असते."

"तिथली मालाची लिफ्ट महिनाभर बंद असली तरी मी तक्रार करणार नाही."

"करू नकोस. तसाच येईन." त्याने खिशातून फडकं काढलं आणि हात पुसायला लागला. एकेक बोट, नीट, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं, सरळ, मधे कुठलाही ठिपका नसताना. "आता काय करतोय ते सांगतो. मी हात पुढे करतोय. किती वेळ लागेल ते माहीत नाही. खोटं सांगत नाही."

हात पुसूनही नखांत ग्रीस होतं. उजेडात सगळं दिसतं.

"मी धरतेय," मी म्हटलं, आणि धरला.